आबांची टोपडेतुला

आबांच्या पाया पडलं की ते आशीर्वादाच्या आधी वजन सांगायचे. "बहात्तर. मागल्या साली एकोणसत्तर हुतास," असं म्हणून झालं की मग "सुखी ऱ्हा". माझ्या लग्नात नवी नवरी म्हणून माझी बायको त्यांच्या पाया पडायला वाकली, तेव्हा त्यांनी तिला एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं आणि "बावन्न, हार सोडून" असा आकडा सगळ्या वऱ्हाडासमोर जाहीर केला. बायको पुढे सहा महिने त्यांच्याशी बोलली नाही. आकडा बरोबर होता, हे तिचं खरं दुखणं होतं.

शिरूरच्या मार्केट यार्डात आबा मापाडी होते, म्हणजे काट्यावर माल तोलणारे. मी त्यांच्या शेजारी बसून काटापट्टी लिहिणारा कारकून. अकरा वर्षं आम्ही शेजारी बसलो, त्यातली निम्मी तरी मी त्यांच्यावर चिडण्यात घालवली. कांद्याची गोणी काट्यावर चढायच्या आधी ते तिला एक टपली मारत आणि आकडा सांगून टाकत. काट्याने आपलं म्हणणं नंतर मांडायचं. इलेक्ट्रॉनिक काटे आले तेव्हा आम्हाला वाटलं, सुटलो. पण आबा आधी आकडा सांगायचे, मग त्या लाल अक्षरांकडे बघायचे आणि जुळलं की "बरं हाय मशीन" म्हणून काट्याच्या पाठीवर थाप मारायचे.

दोन गोष्टींवरून ते कोणाशीही भांडायला तयार असत. एक म्हणजे ओला माल. गोणीत कोपरापर्यंत हात घालायचे आणि आत दमट लागलं तर शेतकरी सख्खा मेहुणा का असेना, गोणी उतरवायला लावायचे. "पाणी इकायचं आसंल तर टँकर आन," म्हणायचे. दुसरं बारदान. बारदान म्हणजे रिकामी गोणी. मालाचं वजन धरताना ती वजा करायची असते. व्यापारी जास्त वजा करायला बघायचे, शेतकरी कमी, आणि आबा मधे उभे राहून दोघांच्याही शिव्या खात ते ग्रॅमपर्यंत बरोबर आणायचे. हाच हिशेब ते माणसांनाही लावायचे. गळ्यात गोफ, दहा बोटांत आठ अंगठ्या असा कोणी यार्डात शिरला की माझ्या कानाशी पुटपुटत, "बारदान काढलं तर पंचावन्नबी भरायचा न्हाई ह्यो." आणि एवढ्या मोठ्याने पुटपुटत की त्या माणसालाही ऐकू जाई.

असा माणूस तान्ह्या बाळांच्या नादी लागेल असं कोणाला वाटलं नव्हतं. मला तर मुळीच नाही.

आबांची एकुलती लेक दौंडला दिलेली. जावई रेल्वेत, राहायला रेल्वे कॉलनीत. पहिल्या खेपेला लेकीचे दिवस भरायला पावणेदोन महिने बाकी असतानाच ती बाळंत झाली. निरोप आला तेव्हा लिलाव चालू होता. आबा काटा तसाच सोडून उठले, हे मी पहिल्यांदाच बघितलं. माझ्या मोटरसायकलवर मागे बसून दौंडला आले. दौंडातल्या एका धर्मादाय दवाखान्यात, अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या खोलीबाहेर काचेशी आम्ही दोघं उभे राहिलो. आत ऊब देणारं एकच मशीन होतं, वॉर्मर म्हणतात त्याला. त्याच्यावर दोन बाळं आडवी शेजारी शेजारी ठेवलेली. एक आबांची नात. दुसरं वरवंडच्या एका पोरीचं, मुलगा. मी सवयीने आबांकडून आकड्याची वाट बघत होतो. आला नाही.

चौथ्या दिवशी तो मुलगा गेला. डॉक्टरीणबाईंनी त्या पोरीला जवळ बसवून सगळं समजावून सांगितलं, की त्याच्या हृदयातच जन्मापासून दोष होता, दोघं एका मशीनवर असल्यामुळे काही झालेलं नाही. पोरीने मान हलवली. आबाही तिथंच होते, त्यांनी नाही हलवली. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "आमचीनं त्येची जागा खाल्ली."

"आबा, डॉक्टर काय म्हणाल्या ऐकलं ना तुम्ही?"

"ऐकलं की. म्या कुठं म्हंतोय खरं हाय म्हनून. पर वाटतंय, त्येला काय करू?"

मी चहा सांगितला. चहा येईपर्यंत आबांनी ठरवून टाकलं होतं, की तिथं आणखी एक मशीन आलं पाहिजे, आणि ते आपण आणायचं. 'आपण' म्हणजे कोण, हे विचारायचं मला धाडस झालं नाही.

नात महिन्याभराने घरी आली. मग आबांनी आपल्या जुन्या पैरणीच्या कापडाची एक पिशवी शिवून घेतली आणि तीत बाजरी भरली, नातीच्या जन्माच्या वजनाएवढी, एक किलो दोनशे ग्रॅम. ही पिशवी घेऊन ते हिंडायला लागले. समोर कोणी दिसला की "धरा" म्हणून त्याच्या हातात द्यायची. तो बिचारा धरायचा.

"किती वाटतंय?"

"किलो, सव्वा किलो."

"मानूस हाय त्ये."

पुढे सगळी शिकवणी. एवढ्याशा जीवाला आंघोळ घालायची नाही. डोकं उघडं ठेवायचं नाही. धुरी द्यायची नाही, मध चाटवायचा नाही, आईचंच दूध. आणि बाळ उघड्या छातीशी धरायचं, आईने नाहीतर बापाने, कातडीला कातडी लावून. हे सगळं त्यांना दवाखान्यातल्या सिस्टरबाईंनी शिकवलं होतं आणि त्यांनी काटापट्टीसारखं पाठ केलं होतं. बारशाला बोलावणं नसलं तरी जायचे. बाळाला मालिश करून ताणून आंघोळ घालणाऱ्या म्हाताऱ्यांशी त्यांची अशी जुंपायची, की दोन घरांतून त्यांना पेढा न देता वाटेला लावलं. एसटीत एका कंडक्टरबाईंनी सीटवर ठेवलेल्या पिशवीबद्दल विचारलं, तर आबांनी एवढ्या गंभीरपणे "नात हाय" म्हणून सांगितलं की त्या बाई पुढच्या दोन स्टॉपपर्यंत मागे वळून वळून बघत होत्या.

एकदा टपरीवर रांजणगावच्या कंपनीतला एक बिहारी कामगार चहा पीत होता. नुकताच बाप झालाय आणि बाळ फार बारीक आहे, एवढं आबांच्या कानावर आलं. ते थेट त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "भैया, शर्ट निकालो." त्याने घाबरून आधी खिशातलं पाकीट काढून दिलं. मी मधे पडलो, माझ्या हिंदीत सगळं सांगितलं, तर गोंधळ आणखी वाढला. शेवटी टपरीवाल्याने सोडवणूक केली. पण पुढच्या आठवड्यात तोच कामगार यार्डात आला आणि मोबाइलवर फोटो दाखवला. उघडाबंब बसलेला, छातीवर पालीएवढं पोर, वर बायकोची शाल. आबांनी तो फोटो यार्डात ज्याला त्याला दाखवायला लावला. बिहारी दोन तास अडकून पडला.

एवढं होऊन मशीनचं मात्र कुठंच जमत नव्हतं. लोक पिशवी हातात घेत, हळहळत, आबांना चहा पाजत आणि पिशवी परत देत. वर्ष होत आलं. नात बसायला लागली आणि दवाखान्यात अजून एकच मशीन होतं.

आमच्या भागात एक नेते आहेत. पदं आली-गेली, पण त्यांचं साहेब असणं काही गेलं नाही. दर वाढदिवसाला कार्यकर्ते त्यांची लाडूतुला करत. एका पारड्यात साहेब, दुसऱ्यात बुंदीचे लाडू. पूर्वी एकदा तोलायला आबांना बोलावलं होतं. त्यांनी लाडवांच्या तळाशी लपवलेल्या चार विटा भर मांडवात बाहेर काढल्या, तेव्हापासून बोलावणं बंद झालं होतं. आता आबा आपणहून साहेबांकडे गेले. मला बरोबर नेलं, कारण लेखी काही लागलं तर मी लिहून देईन.

"सायेब, औंदा लाडू नगं. टोपडेतुला करा. आयाबायांनी इणलेली टोपडी. ती दवाखान्याला द्यायची, आन् तुमच्याकडनं एक मशीन."

साहेबांना कल्पना आवडली. टोपडी म्हणजे बायका आल्या, बायका म्हणजे घरोघरची मतं आली. ते तिथल्या तिथे म्हणाले, "पारडं बरोबरीत आलं की मशीन माझ्याकडून." साहेबांचा पीए मात्र फार व्यवस्थित माणूस. त्याने पत्रकात छापताना 'पारडे बरोबरीत आल्यास' असं लिहिलं आणि 'आल्यास' ठळक केलं.

आता टोपडी किती लागतील? आबांनी साहेबांना नजरेने तोललं, शहाण्णव. लेक तेव्हा माहेरी आलेली होती; घरी येऊन दोरीवरचं नातीचं लोकरीचं टोपडं तळहातावर घेतलं आणि डोळे मिटून म्हणाले, साठ ग्रॅम. मी भागाकार केला. सोळाशे टोपडी.

मग दोन तालुक्यांत जे काही झालं त्याची गणती नाही. शिरूरपासून दौंडपर्यंत बायका विणत सुटल्या. रेशनच्या रांगेत विणत, एसटीत विणत. राहू गावच्या बचत गटाने ग्रामसभेत पाण्याच्या प्रश्नावर भांडता भांडता चाळीस टोपडी पुरी केली. दौंडच्या रेल्वे कॉलनीतला एक निवृत्त गार्ड बायकोकडून शिकला आणि त्याने एक टोपडं असं विणलं की ते त्यालाच बसलं. आबांनी तेही घेतलं. "आसंल कुनाचं डोस्कं मोठं," म्हणाले. माझ्या बायकोने, त्या बावन्नवालीने, एकतीस विणली. तो सगळा महिना आमच्या घरी आमटीत लोकरीचे धागे सापडत होते.

दौंडला एका मंगल कार्यालयात कार्यक्रम ठेवला. हलगी, बॅनर, सगळं जिथल्या तिथे. लोखंडी तराजू खास बनवून घेतलेला, एकेक पारडं पलंगाएवढं, भोवती हातभर उंच कठडा. साहेब पांढऱ्याशुभ्र कपड्यांत एका पारड्यात मांडी घालून बसले, आणि ते पारडं जमिनीला टेकलं. बायका गाठोडी घेऊन यायला लागल्या. आबांनी एकेक गाठोडं सोडायला लावलं, कापड वजा, नुसती टोपडी आत. लाल, पिवळी, हिरवी, गोंड्याची, कानाची. ढीग कठड्याच्या वर आला. सतराशेच्या वर टोपडी झाली आणि गाठोडी संपली.

साहेब जागचे हलले नव्हते.

आबांनी ढिगातलं एक टोपडं उचललं आणि तळहातावर ठेवलं. त्यांचा चेहरा असा पडला की मला वाटलं चक्कर येतेय. मी जवळ गेलो.

"ओलं हुतं," ते म्हणाले.

"काय ओलं होतं?"

"त्या दिशीचं. दोरीवरचं. म्हातारीनं नुकतंच धुतलं हुतं. ह्ये तीससुदीक न्हाई भरत."

मला हसू आलं, खोटं कशाला सांगू. तीस वर्षं लोकांच्या गोणीत हात घालून ओला माल धरणारा माणूस, आणि त्याने स्वतः ओलं टोपडं तोललं. पण आबा दवाखान्यातल्या त्या काचेतून बघत होते तसे त्या ढिगाकडे बघत होते. माझं हसू मधेच विरलं. सगळी टोपडी मिळून साहेबांच्या निम्मी भरली होती.

कार्यकर्त्यांच्या ध्यानात आलं तशी धावपळ सुरू झाली. कोणी शाल टाकली, कोणी स्वेटर. एकाने डोक्याचा फेटा उतरवून टाकला. आबांनी सगळं एकेक करून बाहेर काढलं. "टोपडी ठरलीत," एवढंच म्हणत होते. पीए भिंतीला टेकून शांतपणे घड्याळ बघत होता. पाऊण तास झाला. कॅमेरे चालू, त्यामुळे साहेबांना उठता येईना. त्यांनी आबांना खुणेने जवळ बोलावलं आणि ओठ न हलवता म्हणाले, "आबा, पायाला मुंग्या आल्यात. त्या पारड्यावर जरा हात दाबा की. मी काय बोलणार न्हाई. मशीन दिलं."

मी ऐकलं. माझा जीव भांड्यात पडला. एक हात दाबायचा, की मशीन आलं.

"काट्याला हात न्हाई लावायचा सायेब," आबा म्हणाले.

त्या क्षणी मला त्यांचा जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कोणाचा आला नसेल. वर्षभर बाजरीची पिशवी घेऊन दारोदार हिंडणारा हा माणूस, आणि समोर मशीन उभं असताना हा काट्याशी इमान राखतोय. मी तोंड उघडणार, तेवढ्यात बायकांच्या गर्दीतून वरवंडची ती पोर पुढे आली. तीच, जिचा मुलगा गेला होता. ती आली आहे हे मला माहीतही नव्हतं. तिच्या हातात विणलेल्या टोपड्यांची रिकामी पिशवी होती. ती आबांच्या लेकीजवळ गेली, तिच्या कडेवरची नात उचलून घेतली, आणि तराजूशी येऊन तिला टोपड्यांच्या ढिगात अलगद बसवलं.

"हिच्या डोस्क्याला टोपडं हाय आबा," ती म्हणाली. "ह्ये तोलायचं ऱ्हायलं."

हलगीसुद्धा थांबली. तिने नातीच्या टोपड्याची नाडी नीट केली आणि पडू नये म्हणून तिला एका हाताने धरून उभी राहिली.

पीए भिंत सोडून पुढे आला. "असं कसं चालेल? लेकरू कसं धरता? टोपड्याचं वजन धरा फक्त. आबा, तुम्हीच तर बारदान वजा करता ना?"

"तीस वर्सं केलं," आबा म्हणाले. "ह्ये बारदानासकट हाय."

मग काय विचारता. त्या दवाखान्यातून वाचून घरी गेलेली पोरं आयांच्या कडेवर होतीच, त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. एकेक आई पुढे यायला लागली. आबा प्रत्येकीला विचारत, "टोपडं हाय का डोक्यावर?" आणि हो म्हटलं की आत घेत. एकीच्या पोराच्या डोक्यावर नव्हतं, तर त्यांनी ढिगातलं घालायला लावलं. कठड्याभोवती आया हात धरून उभ्या आणि आत लोकरीत बसलेली पोरं एकमेकांचे गोंडे ओढतायत. एकाने त्या टोपड्यांवरच कार्यभाग उरकला. पीए ओरडला, "वजन वाढलं." आबा म्हणाले, "ह्या पोत्यातलं त्या पोत्यात गेलं, फरक न्हाई."

सातवं पोर चढलं आणि साहेबांचं पारडं जमिनीवरून सुटलं. हळूच वर आलं आणि समोरच्या पारड्याशी बरोबरीत हलत राहिलं. साहेबांच्या नजरेसमोर आबांची नात होती. तिने त्यांच्याकडे नीट बघून घेतलं आणि भोकाड पसरलं. "अगं देतो, देतो मशीन," साहेब म्हणाले. भाषण त्यांनी केलं नाही. खरं म्हणजे त्यांना पारड्यातून उतरल्यावर उभंच राहता येत नव्हतं, दोघांनी धरून नेलं.

सतराशे टोपड्यांचं काय करायचं, हा प्रश्न मागे राहिला. दवाखान्याने बाळागणिक चार दिली, आजूबाजूच्या दवाखान्यांना पोत्याने पाठवली, तरी उरली. दौंडात अजून मोटरसायकलींच्या आरशांना टोपडी दिसतात. आमच्याकडे बायको दुधाच्या पातेल्यावर घालते.

आबा आता निवृत्त होऊन दौंडला लेकीकडेच राहतात. यार्डात माझ्या शेजारी शांतता आहे, वजन फक्त कांद्याचं होतं, आणि खरं सांगायचं तर मला करमत नाही. मशीन लागल्यावर महिन्याभराने मी त्यांना भेटायला गेलो, तेव्हा ते मला दवाखान्यात घेऊन गेले. मशीनवर साहेबांच्या नावाची पाटी आहे, बाळ निजेल एवढी. सिस्टरबाई बाहेर आल्या. त्यांना जरा ओशाळल्यासारखं झालं होतं. म्हणाल्या, "आबा, नेमकी आज बाळं कमी आहेत. जुन्यावर एक आहे, नवं मशीन रिकामंच आहे. परवा आला असतात तर दोन्ही भरलेली बघितली असती."

"रिकामं हाय?" आबांनी विचारलं.

"हो ना."

आबा काचेशी गेले. जुन्या मशीनवरचं बाळ हातपाय ताणून एकटं ऐसपैस झोपलं होतं. आबांनी त्याच्याकडे फार बघितलंच नाही. ते शेजारच्या रिकाम्या मशीनकडे बघत होते, स्वच्छ चादर अंथरलेली, वरचा दिवा बंद. मग त्यांनी उपरण्याने डोळे पुसले, आणि ते बघून माझेही भरून आले, सांगायला लाज कसली.

"कुनी आलं, तर जागा हाय," आबा म्हणाले.